पत्रिकेवर मुहूर्त आहे, भरतीची वेळ नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुळशीची लग्ने लागली की दापोली-गुहागरपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्यावरची रिसॉर्ट आणि होमस्टे माणसांच्या लग्नांनी भरू लागतात. हल्ली यातल्या बऱ्याच लग्नांत मुलगाही इथला नसतो आणि मुलगीही नसते. पुण्या-मुंबईची दोन घरे, तीन दिवस, दीडशे पाहुणे आणि समोर समुद्र, असा बेत असतो. मित्राचे किंवा मैत्रिणीचे लग्न म्हणून असे तीन दिवस पहिल्यांदाच राहायला येणारे त्यात पुष्कळ. त्यांच्या मोबाइलवर आलेल्या पत्रिकेत मेंदीला हिरवा, हळदीला पिवळा, संगीताला चमकदार असे कपड्यांचे रंग खुलासेवार लिहिलेले असतात. कुठल्या स्टेशनावर उतरायचे, ते मात्र नसते. मग आदल्या रात्री मांडववाल्याला, स्वयंपाक्याला, गाडीवाल्याला फोन सुरू होतात. हेच प्रश्न महिनाभर आधी यजमानाला विचारले तर निम्मा गोंधळ टळेल, म्हणून हे पत्र.

आधी तिकीट. रेल्वेचे आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते. पूर्वीचे १२० दिवस आता विसरा. जाण्याची आणि परतीची तारीख वेगळी असल्याने दोन्ही तिकिटे एकाच सकाळी मिळत नाहीत, आठवणही दोन वेगळ्या दिवसांची लावावी लागते. तत्काळ आदल्या दिवशी उघडते, एसीचे सकाळी १० ला आणि स्लीपरचे ११ ला. लग्नसराईतल्या शुक्रवारी त्याच्या भरवशावर राहणे म्हणजे जुगार. तुतारी एक्स्प्रेस दादरहून मध्यरात्र उलटल्यावर सुटते. शुक्रवारी रात्री जेवून निघायचे असेल तर तिकीट शनिवारच्या तारखेचे हवे. ही चूक दर मोसमात कोणीतरी करतेच, आणि ती कळते ती फलाटावर.

मालवण नावाचे रेल्वे स्टेशन नाही, गुहागर आणि गणपतीपुळे नावाचेही नाही. मालवण-तारकर्लीसाठी कुडाळ, साधारण तासाभराचा रस्ता. गुहागर, वेळणेश्वर, हेदवीसाठी चिपळूण. त्यातले गुहागर ४५ किलोमीटरच्या आसपास. गणपतीपुळ्याला रत्नागिरी, दापोलीकडे खेड, वेंगुर्ल्याला कुडाळ किंवा सावंतवाडी. वंदे भारत कुडाळला थांबत नाही, मालवणला जाणाऱ्याने तिने आल्यास कणकवलीला उतरावे. विमानाने येणाऱ्याला चिपी नकाशावर जवळ दिसते, पण तिथे विमाने मोजकी. गोव्यातल्या मोपाला उतरून गाडी करणे जास्त भरवशाचे.

स्वतःची गाडी घेऊन येणाऱ्यांचा घोळ निराळा. मोबाइलचा नकाशा दापोलीहून गुहागरला जाताना दाभोळ-धोपावे आणि गुहागरहून गणपतीपुळ्याकडे येताना तवसाळ-जयगड अशी खाडी ओलांडून वाट दाखवतो. ती वाट फेरीबोटीची आहे. शेवटची फेरी गेल्यावर पोहोचलेली गाडी काळोखात जेटीवर उभी राहते आणि मग खाडीला वळसा घालून मागे जावे लागते. फेरीची शेवटची वेळ निघण्याआधी विचारून घ्या. आणि ड्रायव्हर आणणार असाल तर त्याचे जेवण आणि झोपायची जागा यजमानाच्या यादीत आहे का, हेही विचारा. दीडशे पाहुण्यांच्या यादीत पंधरा ड्रायव्हर बहुधा नसतात.

खोलीबद्दल विचारायला संकोच वाटतो, तो करू नये. कुठल्या रात्रीपासून कुठल्या रात्रीपर्यंत, एका खोलीत किती जण, खोली मांडवाच्याच आवारात की दोन किलोमीटरवरच्या होमस्टेत, एवढे माहीत हवे. रात्रीची कोकणकन्या पहाटे रत्नागिरीला आणि सकाळी कुडाळला येते. खोल्या मिळतात दुपारी बाराला. मधल्या वेळात अंघोळीला जागा आहे का, हे आधी ठरले नाही तर वीस माणसे बॅगा घेऊन व्हरांड्यात बसतात. येणार असाल-नसाल ते वेळेत कळवा. इथे मासळी, नारळ, दूध सगळे माणसे मोजून आणले जाते. सहा माणसे वाढली तर रात्री आठला जवळपास दुसरे दुकान उघडे नसते. रोख रक्कम बरोबर ठेवा. पुळणीला, म्हणजे समुद्राकाठच्या वाळूला, लागून असलेल्या कितीतरी वाड्यांत मोबाइलला रेंज नसते, आणि रेंज नाही तिथे फोनवरून पैसे जात नाहीत.

आता समुद्राकडे येऊ. पंचांगात मुहूर्त पाहिला जातो, त्याच पानावर भरतीची वेळही असते, फक्त ती काढता यायला हवी. हिशेब जुना आणि सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. दिवसाही तीच आणि रात्रीही तीच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरावा. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. रोज ही वेळ पाऊण-एक तासाने पुढे सरकते, म्हणजे मेंदीच्या संध्याकाळी जिथे कोरडी वाळू होती तिथे लग्नाच्या संध्याकाळी पाणी असू शकते.

गोरज मुहूर्त धरून सूर्यास्ताला पुळणीवर लग्न लावायचे हा आजकालचा आवडता बेत. अष्टमीला तो धरला तर ऐन सहाला भरती असते, पण ती भांगाची, पाणी फार वर चढत नाही. पौर्णिमेची गोष्ट उलटी. संध्याकाळी पाचला ओहोटी, समुद्र लांब गेलेला, वाळू पसरलेली. सजावटवाला खूश होऊन खुर्च्या, दिवे, स्पीकर पार खालपर्यंत मांडतो. लग्न लागते, फोटो झकास येतात. मग तिथेच जेवण आणि नाचगाणे ठेवले जाते, आणि रात्री दहानंतर उधाणाचे पाणी वायरीपर्यंत येते. पाण्यातली वायर हा गमतीचा विषय नाही. पाहुण्याला यातले काही ठरवता येत नाही, पण कुठे बसावे ते ठरवता येते. पुळणीवर सुकलेले शेवाळ, शिंपले, करवंट्या यांची एक लांबच लांब ओळ दिसते. शेवटच्या भरतीचे पाणी तिथपर्यंत आले होते. तिथीने भरती चढती असेल, म्हणजे पौर्णिमा-अमावास्या जवळ येत असेल, तर आजचे पाणी त्या ओळीच्याही वर येणार. मुलांना, म्हाताऱ्यांना आणि आपल्या चपलांना त्या ओळीच्या पुष्कळ वर ठेवा.

गाडी पुळणीवर नेऊ नये, हे सांगून सांगून इथल्या लोकांचा घसा बसला. ओहोटीची ओली वाळू डांबरासारखी घट्ट दिसते, चाक थांबले की खाली पाणी सुटते आणि गाडी पोटावर बसते. जितका ॲक्सिलरेटर द्याल तितकी ती खोल जाते. पुढे भरती आणि ट्रॅक्टर यांची शर्यत.

वाऱ्याचाही नियम आहे. थंडीच्या दिवसांत सकाळी हवा शांत, दुपारपासून समुद्रावरून खारा वारा सुटतो, तो सूर्यास्तापर्यंत असतो. रात्री जमिनीवरून मतलई वाहतो. म्हणून होम, लाजाहोम, सप्तपदी हे सगळे सकाळी उरकणारे भटजी शहाणे. दुपारी चारला पुळणीवर होम पेटवला की ठिणग्या शालूवर, धूर सासऱ्यांच्या डोळ्यात आणि अंतरपाट शिडासारखा फुगलेला. पाहुण्यांनी वाऱ्याकडे पाठ येईल असे बसावे, धूर समोरच्यांकडे जातो.

कपड्यांच्या रंगांपेक्षा कापडाची चौकशी जास्त करा. इथल्या दमटपणात जाड जरीच्या शेरवानीत माणूस अर्ध्या तासात भिजतो. दिवसाच्या विधींना सुती किंवा हलके रेशीम, जड कपडे रात्रीला. टाचेचे बूट वाळूत रुततात आणि जांभ्या चिऱ्याच्या अंगणातल्या भोकांत अडकतात. कोल्हापुरी चपला खाऱ्या पाण्यात भिजल्या की कडक होतात. सपाट, धुता येणारी चप्पल आणा, मांडवात ती काढायचीच आहे. इथली तांबडी माती पांढऱ्या पायजम्याच्या काठाला लागली की तिचा गुलाबीपणा कायमचा राहतो. पैठणी-शालू घडी करून लगेच बॅगेत कोंबू नका. घाम आणि खारी हवा मुरली तर जर काळवंडते. रात्रभर खोलीत दोरीवर सावलीत पसरा, मग घडी.

हळद. पत्रिकेत तिला दोन तास दिलेले असतात, त्यातला फोटोंचा वेळ वजा करून विधीला वीस मिनिटे उरतात. ती वीस मिनिटे बघण्यासारखी असतात. पाच सुवासिनी आंब्याच्या पानांनी हळद लावतात, पायांपासून सुरुवात करून गुडघे, खांदे, मग कपाळ अशी वर. नवऱ्याला आधी लागते, आणि त्याच वाटीतली उष्टी हळद नवरीकडे जाते. पूर्वी ती एका गावाहून दुसऱ्या गावाला जायची. आता एकाच रिसॉर्टात १०४ नंबरच्या खोलीतून २०७ मध्ये जाते, पण वाजंत्री आणि करवल्या तरी बरोबर असाव्यात. पाहुण्यांनी सुवासिनींचे लावून होईपर्यंत हात आवरावा. नंतर एकमेकांना माखायला वेळ असतो. माखल्यावर थेट पोहण्याच्या तलावात उडी मारू नका. हळद आणि तेल तलावाच्या गाळणीत बसते आणि तलाव रिकामा करून धुण्याचा खर्च यजमानाच्या बिलात येतो.

कपड्याला लागलेल्या हळदीवर साबण घासला की डाग लाल होतो. घाबरू नका. साबणातल्या क्षाराने हळद लाल होते, साध्या पाण्याने साबण निघाला की पुन्हा पिवळी. गार पाण्यात खळबळून कापड ओलेच कडक उन्हात टाका. हळदीचा रंग उन्हात उडतो, दोन-तीन उन्हांत बराचसा जातो. सावलीत वाळवलेला डाग तसाच राहतो. रेशमाला मात्र हा उपाय नाही, म्हणून हळदीला रेशीम नेसूच नये.

लग्नघर सिंधुदुर्गातले असेल तर कार्याच्या आरंभी गाऱ्हाणे होते. गावातला मानकरी नारळ ठेवून ग्रामदेवतेला आणि राखणदाराला कार्य सुखरूप पार पाडायला सांगतो. प्रत्येक मागणीनंतर जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचे. चपला काढून उभे राहा आणि मोठ्याने म्हणा, शहरी पाहुणा म्हणाला की मानकऱ्यालाही हुरूप येतो. या वेळी ड्रोन वर नको. त्याच्या घरघरीत शब्द ऐकू येत नाहीत.

सीमांतपूजन बहुधा आदल्या संध्याकाळी. लग्नाच्या वेळी अक्षता मिळतात त्या मूठभर, आणि मंगलाष्टके पाच ते आठ असतात. पहिल्या ‘सावधान’लाच मूठ रिकामी करणारे पुढे हात चोळत बसतात. दर ‘सावधान’ला चिमूटभर टाका. मागच्या रांगेतून भिरकावलेले तांदूळ नवरा-नवरीपर्यंत पोहोचत नाहीत, पुढच्या रांगेतल्या टकलावर पडतात. काही यजमान अक्षतांऐवजी फुलांच्या पाकळ्या देतात, ते उत्तम. अंतरपाट खाली येण्याचा क्षण घड्याळावर ठरलेला असतो. तेव्हा मोबाइल उंच धरून उभे राहू नका, मागे नवरीची आजी खुर्चीवर बसलेली असते. बायकांच्या ओटीत नारळ, तांदूळ, खण पडतो. घ्यायला पदर किंवा ओढणी पुढे करा, नुसता हात नको. पुरुषांनाही नारळ, टोपी-उपरणे मिळते. परतीच्या बॅगेत दोन नारळांची जागा ठेवून निघावे.

आहेराविषयी थोडेच. पत्रिकेत ‘आहेर नको’ असेल तर खरोखरच नेऊ नका. असे लिहिलेले नसेल तरी मिक्सर, भिंतीवरचे घड्याळ, काचेची भांडी आणू नयेत. ते सगळे यजमानालाच साडेतीनशे किलोमीटर परत न्यायचे असते. पाकिटावर नाव-गाव लिहा, रकमेत वरचा एक रुपया घाला, आणि पाकीट वही घेऊन बसलेल्या काका-मामांकडे द्या. गर्दीत नवरदेवाच्या खिशात कोंबलेली पाकिटे धोब्याकडे जातात.

जेवणात सोडे किंवा जवळा (दोन्ही सुकवलेली कोळंबीच) चटणीत, वांग्यात, डाळीतही असू शकतो. कोळंबीची ॲलर्जी असणाऱ्याने ‘मासे खात नाही’ एवढे सांगून भागत नाही. वाढप्याला नव्हे, स्वयंपाक्याला सांगा आणि तेही आदल्या दिवशी. लग्नाच्या दिवसाची पंगत बहुतेक घरांत शाकाहारी असते, मासळी आदल्या-नंतरच्या दिवशी. मार्गशीर्षातल्या गुरुवारी कित्येक घरांत मासळी शिजतच नाही, तेव्हा ‘कोकणात येऊन सुरमई नाही?’ असे विचारू नये. फेब्रुवारीनंतर आलात तर ओल्या काजूची उसळ मागून घ्या. सोलकढी ताजी असेल तेव्हाच प्या. नारळाचे दूध उन्हाळी हवेत काही तासांत आंबते, आणि दुसऱ्या दिवशी बिघडलेली पोटे पुष्कळदा दुपारची उरलेली सोलकढी संध्याकाळी प्यायल्यामुळे बिघडलेली असतात. दोष मात्र जातो माशांना.

पोहण्याबद्दल एकच, पण ते ऐका. रात्री आणि दारू घेतल्यावर पाण्यात उतरायचे नाही, ओहोटीत तर मुळीच नाही. गणपतीपुळ्याची पुळण उताराची आहे, चार पावलांत पाय सुटतात. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे वरून पाणी शांत दिसते, खाली ओढ असते. मालवणला स्कूबा करायचे असेल तर लग्नाच्या सकाळी नको, आणि विमान त्याच संध्याकाळचे नको. एक डुबकी मारली असेल तर किमान १२ तास, जास्त मारल्या असतील तर १८ तास जाऊ द्यावेत.

यजमान आणि इव्हेंटवाले यांच्याशी आमचे भांडण आहे ते दिव्यांचे आणि आवाजाचे. वेळास, आंजर्ले, गुहागर, वायंगणी अशा पुळणींवर ऑलिव्ह रिडले कासवे नोव्हेंबर ते मार्च अंडी घालायला येतात, म्हणजे बरोबर लग्नसराईत. पन्नासेक दिवसांनी पिल्ले बाहेर येतात आणि सगळ्यात उजळ दिसेल त्या दिशेला धावतात. निसर्गात तो समुद्र असतो. मांडवाचे फोकस लागले की ती मांडवाकडे वळतात. दिवे जमिनीकडे तोंड करून लावा, समुद्राच्या अंगाला काळोख राहू द्या. आकाशकंदील उडवूच नका. ते सुरूच्या बनात नाहीतर मच्छीमारांच्या जाळ्यांवर उतरतात. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद असतो. साडेदहाला पोलीस आले की पाहुणे गावकऱ्यांवर चिडतात. पहाटे चारला होडी काढणाऱ्याचे घर तिथून पन्नास पावलांवर असते, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

मे महिन्याच्या उत्तरार्धातली तारीख असेल तर छप्पर असलेली पर्यायी जागा आहे का, हे पाहुण्यानेही विचारावे. ‘तौक्ते’ चक्रीवादळ २०२१ च्या मेच्या मध्याला या किनाऱ्यावरून गेले, आणि ‘निसर्ग’ २०२० साली ३ जूनला थेट रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. वळीव तर कुठल्याही दुपारी येतो.

परतीचे तिकीट लग्नाच्या संध्याकाळचे काढू नका. पाठवणी सहाला म्हटली तर आठला होते, त्यात स्टेशन तासाभरावर. मोटारीने जाणाऱ्यांनी रविवारी संध्याकाळी माणगावच्या वाहतूक कोंडीत सापडू नये, सकाळी लवकर निघावे किंवा सोमवार धरावा.

एक विनंती आपल्यालाही. मोसमाच्या आरंभी बरीच वर्तमानपत्रे विवाहमुहूर्तांची यादी छापतात. आपण ती छापाल तेव्हा प्रत्येक तारखेसमोर रत्नागिरी आणि मालवणची भरती-ओहोटीची वेळ, आणि सूर्यास्त, अशी दोन घरे वाढवावीत. मांडववाला ती यादी कापून भिंतीला लावील.

आपले,
लग्नांचे मांडव, जेवण, खोल्या आणि गाड्या सांभाळणारे काही जण,
मालवण, जि. सिंधुदुर्ग